डोंगरावरच्या तळ्याकाठी एक रात्र

सत्तरी उलटल्यावर तंबूत झोपायला जाणार, असं सांगितलं तेव्हा धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, गुडघ्यांना तरी विचारलंस का?" गुडघ्यांना विचारलं नाही, आणि नातवंडांना नाही म्हणवेना. म्हणून शब्बाथ झाल्यावर रविवारी सकाळी आम्ही पाचजण, म्हणजे आम्ही म्हातारी, मुलगी, जावई आणि दोन नातवंडं, लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटला पोहोचलो.

इंग्लंडमध्ये वस्तीच्या जागी सर्वांत जास्त पाऊस पडतो तो इथे, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. आम्ही अलिबागकडच्या, पावसाला काय भिणार? पण आपला पाऊस कोमट. इथला हाडात शिरतो. हे विसरलो आणि धाकट्याला जीन्स घालून येऊ दिलं.

स्टॉकली ब्रिज हा जुना दगडी पूल ओलांडला की चढ लागतो. वाटेत पहिलं तळं स्टाइहेड टार्न. मुलांनो, डोंगरातल्या लहान तळ्याला इकडे टार्न म्हणतात, हा शब्द जुन्या नॉर्स लोकांचा. ही तळी हिमयुगात बर्फाने कोरली. समोर ग्रेट गेबलचा डोंगर. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी इथल्या गिर्यारोहकांच्या क्लबने ही डोंगराची जमीन विकत घेऊन १९२३ साली नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली.

आमचा मुक्काम त्याहून वर, सुमारे ६०० मीटरवरच्या स्प्रिंकलिंग टार्नला. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी मालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. पण ह्या डोंगरांत वरच्या शेवटच्या दगडी कुंपणापलीकडे एकच रात्र राहिलं, शेकोटी केली नाही, कचरा टाकला नाही, तर सहसा कुणी हटकत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तो हक्कच दिलाय.

थोरल्या नातीने तळ्याची गोष्ट वाचून ठेवली होती. खाली डर्वेंटवॉटरमध्ये व्हेंडेस नावाचा मासा आहे, हिमयुगापासून राहिलेला, ब्रिटनमधला फार दुर्मिळ. त्याला थंड पाणी लागतं, आणि हवा तापत चाललीय. म्हणून २०११ साली त्याची सुमारे २५,००० पिल्लं ह्या उंच तळ्यात आणून सोडली. वाटेत ओझं वाहिलं लामांनी, म्हणजे उंटाच्या केसाळ चुलतभावांनी! मासे म्हटल्यावर आमच्या तोंडाला पाणी सुटलं. नात म्हणाली, "आजी, हे खायचे नाहीत."

संध्याकाळी पातेलं भरताना धाकटा पाय घसरून कमरेपर्यंत भिजला. "मी ठीक आहे," म्हणाला. आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला. त्याची आई म्हणाली, दमलाय, झोपू दे. आम्ही म्हटलं, "बाळा, जॅकेटची चेन लाव बघू." बोटांना चेन सापडेना. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण तेव्हा पोटात धस्स झालं. फोनला रेंज नव्हती. जावईबापू बूट घालून टॉर्च घेऊन खाली जायच्या तयारीत उभे राहिले.

ओले कपडे सगळे काढले, कोरडे घातले, डोक्याला लोकरी टोपी. खाली जाड मॅट, वर स्लीपिंग बॅग, शेजारी आई. गरम गोड चहा घोट घोट, मग खजूर. हातपाय चोळायचे नाहीत, ब्रँडी तर मुळीच द्यायची नाही. कुडकुडणं थांबून जीभ जड झाली, तर ते बरं होणं नव्हे, ते बिघडणं. रेंज असेल तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

अर्ध्या तासाने तंबूतून आवाज आला, "आजी, चपाती आहे का अजून?" जावयांनी बूट काढले.

सकाळी धुकं उठलं. मासा एकही दिसला नाही. चटणी-चपाती खाताना धाकट्याने विचारलं, "आजी, माशांना खालचं तळं आठवत असेल?" आम्हाला उत्तर देता येईना. नात म्हणाली, "आठवो न आठवो, इथलं पाणी वाहत वाहत तिथेच जातं." ते खरं आहे, नकाशात पाहिलं.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बहिणीचा फोन आला तेव्हा गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी होती. ते आम्ही तिला सांगितलं नाही.