कॅन्सरनंतर हात सुजतो तेव्हा

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, किमोच्या सुया झाल्या, रेडिएशनचे शेक संपले. घरच्यांना वाटते, आता सुटलो. बाई पुन्हा धुणीभांड्याच्या कामाला लागते. मग काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनीसुद्धा, त्या बाजूच्या हातातली बांगडी घट्ट होऊ लागते. ब्लाउजची एकच बाही दंडाला करकचते. संध्याकाळी हात जड वाटतो. बऱ्याच जणी हे अंगावर काढतात. "कामाने सुजला असेल" म्हणून गप्प बसतात, किंवा "कॅन्सर परत आला" या भीतीने दवाखान्यात जायचेच टाळतात. या सुजेला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. ती लवकर ओळखली तर चांगली आटोक्यात राहते.

सूज का येते?

रक्ताच्या नळ्यांसारख्याच आपल्या शरीरात लसिकेच्या बारीक नळ्या असतात. मांसपेशींत साचलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात सोडणे हे त्यांचे काम. हाताकडून येणाऱ्या या नळ्या काखेतल्या ग्रंथींमधून जातात. कॅन्सर तिथवर पसरला आहे का, हे पाहण्यासाठी ऑपरेशनमध्ये त्या ग्रंथी काढतात किंवा काखेला शेक देतात. वाट अरुंद झाली की निचरा मंदावतो आणि पाणी हातात साचते. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर साधारण पाचांपैकी एका बाईला हा त्रास होतो. काखेतल्या जास्त ग्रंथी काढल्या असतील तर शक्यता वाढते, मोजक्याच काढल्या असतील तर बरीच कमी असते. गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनंतर अशीच सूज पायाला येऊ शकते.

विदर्भात पाय सुजला की लोक लगेच हत्तीरोग म्हणतात. हत्तीरोगातही लसिकेच्या नळ्याच बिघडतात, पण त्याचे कारण डासांमधून येणारे जंतू असतात. कॅन्सरनंतरची सूज उपचारामुळे आलेली असते. ती कोणाला लागत नाही. त्या बाईचे ताट, अंथरूण वेगळे करण्याची काहीही गरज नाही.

आधी तपासणी

सूज दिसली की प्रथम आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. हात अचानक सुजला, खूप दुखू लागला किंवा नवी गाठ लागली तर थांबू नका. रक्ताची गुठळी झालेली नाही ना, आजार परतलेला नाही ना, हे त्यांनाच पाहू द्या. सुजेसोबत धाप लागली तर तडक मोठ्या दवाखान्यात जा.

घरी शिंप्याचा टेप ठेवा. मनगट, कोपराच्या खाली १० सेंटिमीटर आणि कोपराच्या वर १० सेंटिमीटर अशा तीन जागी दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा. फरक वाढत गेला, दोन सेंटिमीटरच्या आसपास पोहोचला, तर दाखवा. फरक तेवढा नसला तरी हात सतत जड वाटत असेल तर तेही सांगा.

रोजची चार कामे

पहिले काम कातडीचे. सुजलेल्या हातात जंतू चटकन वाढतात. रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, खोबरेल तेल किंवा साधे मलम हलक्या हाताने लावा. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. विळीने कापले, डास चावला, चटका बसला तर लगेच धुऊन जंतुनाशक मलम लावा. शक्य असेल तेव्हा सुई आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला लावायला सांगा.

दुसरे काम हालचालीचे. मूठ उघडा-मिटा, कोपर वाकवा-सरळ करा, खांदे गोल फिरवा, आणि मध्ये-मध्ये पोटातून खोल श्वास घ्या. स्नायू हलले की साचलेले पाणी पुढे सरकते. "त्या हाताने काहीच उचलू नको" हा सल्ला आता जुना झाला. अमेरिकेत १४१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वजन वाढवत, शिकवणीखाली व्यायाम करणाऱ्यांची सूज त्यात वाढली नाही, उलट हातात ताकद आली आणि त्रास कमी झाला. मात्र एकदम भरलेला हंडा उचलू नका. छोट्या कळशीने सुरुवात करा. हात जड झाला की थांबा.

तिसरे काम दाबाचे. फिजिओथेरपिस्ट सुजेवर थरांचा पट्टा बांधतात आणि सूज उतरली की मापाची घट्ट बाही देतात. बाही साधारणपणे दिवसा घालायची, रात्री काढायची. वरची कड दुमडू नका, तिथे फास बसतो. हाताने धुऊन सावलीत वाळवा. सैल झाली की बदला. बाजारातला क्रेप पट्टा स्वतःच आवळून बांधू नका. सरकारी दवाखान्यात असाल तर समाजसेवा विभागात विचारा. बाहीच्या खर्चाला मदत मिळते का, हे तिथे कळते.

चौथे काम मालिशचे. ही मालिश अगदी हलकी असते, फक्त कातडी सरकवायची. ती फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. रगडून मालिश, गरम शेक, जडीबुटीचे गरम लेप यांनी सूज वाढते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. पाणी पिणे कमी करूनही फायदा नाही.

ताप आला तर

हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर जंतुसंसर्ग झाला समजा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अँटिबायोटिक लागते. तोवर मालिश आणि पट्टा बंद ठेवा.

घरच्यांनी काय करावे?

ही सूज बहुधा पूर्ण जात नाही, म्हणून काळजी रोजची असते. एकट्या बाईने ती घ्यायची, वर पाणीही भरायचे आणि धुणेही धुवायचे, हे चालणार नाही. पाण्याचे हंडे नवऱ्याने, मुलांनी भरावेत. रात्री हाताखाली उशी द्यावी. ब्लाउज शिवताना त्या बाजूची बाही सैल ठेवा, म्हणजे कार्यक्रमाला पांढरी साडी नेसून जायला तिला संकोच वाटणार नाही. हाताकडे बघून कोणी विचारले तर लपवू नका, कारण सांगा. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तर शेजारची एखादी बहीण, जी गुपचूप लांब बाहीत हात झाकते, तीही टेप घेऊन हात मोजेल आणि वेळेत दवाखान्यात जाईल.