जमीन हलली तेव्हा जिन्यात ऐकलेलं

१७ फेब्रुवारी २०२५. पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हलली आणि मयूर विहारमधली आमची जवळजवळ सगळी सोसायटी जिन्यात आली. धक्का ४.० तीव्रतेचा, म्हणजे तसा लहानच. पण केंद्र थेट शहराच्या पोटात होतं, धौला कुआंजवळ, दुर्गाबाई देशमुखांच्या नावाच्या कॉलेजच्या परिसरात, आणि खोली अवघी ५ किलोमीटर. म्हणून हादऱ्याबरोबर जमिनीतून घरघरही ऐकू आली. हिमालयातून येणारा संथ झोका दिल्लीकरांच्या अंगवळणी पडलाय, हा आवाज मात्र नवा होता. त्या पहाटे शाली गुंडाळून पार्किंगमध्ये उभे असलेले शेजारी जे बोलले, ते मी नंतर अनेक ठिकाणी ऐकलं. त्यातलं बरंचसं चूक आहे, म्हणून हा लेख.

"बरं झालं, जमिनीतली ऊर्जा थोडी निघून गेली. आता मोठा यायचा नाही." हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं आणि ते सर्वांत घातक आहे. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ७ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा ४ तीव्रतेच्या धक्क्यांतून निघायची, तर असे ३२ हजार धक्के लागतील. रोज एक बसला तरी ८७ वर्षं जातील.

किल्लारीने तर हा हिशेब माणसांच्या जिवावर शिकवला. तिथे ऑक्टोबर १९९२ पासून लहान धक्के बसत होते, भिंतींना तडे जात होते, लोक धास्तावले होते आणि हळूहळू सरावलेही होते. वर्षभराने, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं आपल्याच घराच्या दगडांखाली गेली. उलट पालघरमध्ये, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, पण तिच्यामागून मोठा भूकंप आला नाही. लहान धक्क्यांवरून मोठ्याबद्दल काहीच ठरवता येत नाही, ना दिलासा ना भाकीत. तारीख-वेळ सांगणारे मोबाइलवरचे निरोप तर सरळ पुसून टाकावेत. जगातल्या कोणत्याही संस्थेला अजून भूकंपाचं भाकीत करता येत नाही.

"खरा धोका हिमालयात, आपण लांब आहोत," असं दुसरे एक काका म्हणाले. २९ मार्च १९९९ च्या चमोली भूकंपाचं केंद्र दिल्लीपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. तरी आमच्या शेजारच्या पटपडगंजमधल्या काही इमारतींना तडे गेले. कारण पायाखालची जमीन. रिजच्या टेकड्यांवरची दिल्ली क्वार्टझाइटच्या कठीण खडकावर बसली आहे. यमुनेपलीकडची दिल्ली आणि नोएडाचा मोठा भाग नदीने आणून टाकलेल्या गाळावर. मऊ गाळात भूकंपाच्या लाटा मंदावतात आणि फुगतात. मेक्सिको सिटीत १९८५ साली हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर, पण जुन्या तळ्याच्या चिखलावर उभा असलेला शहराचा मध्यभाग कोसळला. शिवाय दिल्लीखाली स्वतःचे प्रस्तरभंग आहेतच. धौला कुआंचा धक्का काही हिमालयातून आला नव्हता. २००२ च्या भूकंप-नकाशात दिल्ली झोन ४ मध्ये आहे. आणि किल्लारी? १९९३ पूर्वी ते सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांची कीव करणारेही त्या सकाळी बरेच होते. त्यांच्या मते चारमजली बिल्डर फ्लोअर सुरक्षित. मजले मोजून सुरक्षितता कळत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत सातशेवर माणसं गेली. कोसळलेल्यांत खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या इमारती बऱ्याच होत्या. वर भिंतींचा भक्कम डबा आणि खाली नुसते खांब. सगळा झटका त्या खांबांवर येतो. दिल्ली, गुरुग्राम, गाझियाबादच्या कुठल्याही गल्लीत जा, स्टिल्ट पार्किंगवर उभे असलेले हेच चार मजले दिसतील. खांब तगेल की नाही, हे त्यातल्या सळयांभोवतीच्या रिंगांवरही अवलंबून असतं. रिंगा एकमेकींच्या जवळ हव्यात आणि त्यांची टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या आत खुपसलेली हवीत. नव्वद अंशांत वाकवून सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. हे सगळं प्लास्टरखाली झाकलेलं असतं, म्हणून इंजिनिअरकडून तपासून घ्यावं लागतं. लक्ष्मीनगरच्या ललिता पार्कमध्ये २०१० साली पडलेल्या आणि सत्तरच्या आसपास बळी घेणाऱ्या इमारतीला तर भूकंपाचीही गरज लागली नव्हती.

जुन्या इमारतीचं आता काय करणार, हा हताश प्रश्नही चुकीचा आहे. खांबांना बाहेरून सळया-काँक्रीटचं वेष्टण देता येतं, मोकळ्या तळमजल्यात योग्य जागी भिंती किंवा तिरके आधार घालता येतात. किल्लारीनंतर महाराष्ट्रात दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, तेही खेड्यांत, दगडमातीच्या घरांचं.

धावत सुटण्याबद्दल थोडक्यात. आम्ही सगळे जिन्यात आलो, तीच चूक होती. हादरा बहुधा मिनिटभरही टिकत नाही आणि जिना हा इमारतीचा दुबळा भाग. वरच्या मजल्यावर असाल तर खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, त्याचा पाय घट्ट धरा. लिफ्ट नको. दाराच्या चौकटीत उभं राहण्यात विशेष संरक्षण नाही. तळमजल्यावर असाल आणि मोकळं मैदान दोन पावलांवर असेल, तरच बाहेर पडा.

आता शेवटची समजूत: "एनडीआरएफ येईलच." येईल, या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक बटालियन गाझियाबादेतच आहे आणि ते जवान आपलं काम चोख जाणतात. पण मोठ्या भूकंपात एकाच वेळी हजारो ठिकाणांहून हाक येते. १९९५ च्या कोबे भूकंपात अडकलेल्या सुमारे ३५ हजार लोकांपैकी २७ हजारांच्या आसपास लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. त्यांच्या हातात होती कटावणी, करवत, गाडीचा जॅक. मेक्सिको सिटीतले 'टोपोस' हे नावाजलेलं बचाव पथकही १९८५ च्या ढिगाऱ्यात उतरलेल्या साध्या स्वयंसेवकांतून उभं राहिलं.

मराठवाड्यातही हेच दिसलं. किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. सरकारी मदत काय आहे, सिमेंट किती लागतं, कोपऱ्यात दगड कसा बांधायचा, हे त्या घरोघर सांगू लागल्या. २००१ नंतर यातल्याच बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. उद्ध्वस्त गावातून आलेल्या बाईचा शब्द तिथे किती वजनदार ठरला असेल!

दिल्लीतल्या मराठी माणसांकडे असं जाळं आधीच आहे. पहाडगंजपासून पश्चिम विहारपर्यंत मंडळं आहेत, दहा दिवसांच्या गणपतीत कोण मांडव पाहणार, कोण प्रसाद, कोण रांग, हे आपण सहज ठरवतो. तीच माणसं, तीच वही वापरा. यंदाच्या गणेशोत्सवाच्या पहिल्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवा. आपल्या जिन्यात एकट्या राहणाऱ्या आजी कोण, चालता न येणारं कोण, गॅसची मुख्य कळ कुठे, पहार, जॅक, शिट्टी आणि विजेरी कोणाकडे, हे त्या वहीत लिहा. आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकच ठराव मांडा: इमारतीची संरचनात्मक तपासणी याच वर्षी करून घ्यायची. आमच्या सोसायटीत तो मांडायला मला भूकंपानंतर चार महिने लागले. तुम्ही एवढा वेळ लावू नका.