साच्यामागचे हात
हैदराबादच्या कुकटपल्लीला लागून असलेल्या बालानगरात केंद्रीय टूल डिझाइन संस्था आहे. केंद्र सरकारने ती 1968 साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभारली. तिथे साचे घडवायला शिकवतात. प्लास्टिकची बादली असो वा गाडीचा सुटा भाग, आधी साचा लागतो. त्यात केसाएवढी चूकही चालत नाही. ही नजर नुसत्या पुस्तकातून येत नाही, यंत्रापाशी उभे राहूनच येते. म्हणूनच कारखान्यात काम करत शिकण्याची सोय करणाऱ्या 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे मोल मोठे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते योग्यच, पण कार्यशाळा आणि कसबी निदेशक नसतील तर असे उद्दिष्ट कागदावरच राहते. दहावीनंतरची वाट निवडताना पालकांनी मुलांना घेऊन एखादी कार्यशाळा जरूर पाहावी.