व्हिडिओ आहे, पण प्रमाणपत्र?

जालन्यात 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर आला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातला कॅमेरा सगळं टिपत होता. पण त्या चित्रीकरणाची सीडी कोर्टात पुरावा म्हणून चालायला लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं: मालकाने मूळ उपकरणच कोर्टात आणून साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको, नक्कल असेल तर हवंच. मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर पक्षकाराला त्याचा फटका बसू नये. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट छापून पुरावा म्हणून नेणाऱ्यांना ही अट सहसा वकिलाकडेच कळते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावं लागतं. फाइलमध्ये जराही फेरफार झाला की ते मूल्य बदलतं.