मावला म्हणजे मानवला नव्हे

२०२५ मध्ये दुर्गापूजेआधीच्या महालयाच्या दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपासून २३ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत कोलकात्यावर कोसळलेल्या पावसाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. एकट्या बालीगंजमध्ये २६४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून माणसं गेली आणि कित्येक वस्त्या अंधारात राहिल्या. अशा रात्रीनंतर जो तो 'बॅटरी' शोधतो. मराठी घरात बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्या पोटात असतात ते सेल. कोलकात्यातल्या गरियाहाटच्या दुकानात मात्र बॅटरी मागितली की हातात सेलच पडणार. हल्ली तो चार्ज होणारा लिथियमचाही असू शकतो. हा आपल्या जुन्या टॉर्चला चालेल का?

आपल्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. गावोगावच्या पत्र्याच्या टॉर्चमध्ये लाल सेल घालणारी एव्हरेडी कंपनी कोलकात्याचीच. तिचा सेल असो की दुसऱ्या कुणाचा, मोठा असो की पेन्सिल सेल, विजेचा दाब दीड व्होल्टच. नळीत मावला की काम झालं. लिथियमने नेमकी हीच सोय मोडली.

लिथियम सेलच्या अंगावर पाच आकडे असतात. १८६५० म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. हा पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये शिरणारच नाही, त्यामुळे त्याची भीती नाही. भीती आहे ती १४५०० ची. मापाने तो थेट पेन्सिल सेलचा जुळा भाऊ, पण दाब ३.७ व्होल्ट आणि पुरता चार्ज झाल्यावर ४.२. दोन सेलांच्या टॉर्चला तीन व्होल्टची सवय; त्यात असे दोन बसवले की ८.४ होतात. जुना बल्ब डोळ्यांदेखत जातो आणि एलईडी असेल तर आतलं सर्किट जळू शकतं. म्हणून आधी टॉर्चवर किंवा सोबतच्या पत्रकावर किती व्होल्ट चालतात ते पाहावं. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर लिथियम घालू नये.

लांबीचं गणितही फसवं आहे. सेल प्रमाणाबाहेर चार्ज किंवा रिकामा होऊ न देणारं संरक्षक सर्किट असलेला १८६५० प्रत्यक्षात ६८ ते ७० मिलिमीटर भरतो आणि मग झाकण नीट लागत नाही. सर्किट नसलेला चपट्या डोक्याचा सेल काही टॉर्चमध्ये टोकाला टेकतच नाही. तरीही घरच्या वापरासाठी मी संरक्षक सर्किटवालाच घेईन. एक सवय मात्र बदलावी लागते. साधा सेल मंद होत होत संपतो, हा सेल खालची मर्यादा गाठली की पटकन बंद पडतो. जिन्याच्या मध्यावर हे कळू नये, एवढंच.

आता बाजारातली लबाडी. १८६५० वर '९९०० एमएएच' अशी क्षमता छापलेली दिसली की दुकानाची पायरी उतरावी. नामांकित कंपन्यांचे चांगले सेलसुद्धा ३५०० च्या आसपास थांबतात. खरा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. फार हलका लागला तर आत काय भरलंय कोण जाणे. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण वेष्टनावर शोधावी. आणि चार्जर लिथियमचाच हवा.

माझं मत विचाराल तर टॉर्चमध्ये चुकीचा सेल गेला, यात दोष गिऱ्हाइकाचा नाही. टॉर्चच्या नळीवर 'इतक्या व्होल्टपर्यंत चालेल' एवढी एक ओळ कोरायला कारखानदाराला फारसा खर्च येणार नाही. ती ओळ येईपर्यंत पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये पेन्सिल सेलच घाला. लिथियम हवाच असेल, तर त्याच्यासाठी बनवलेला टॉर्च घ्या.