रासबेरीचें रोगट झुडूप : आधीं मूळ पाहावें

महाबळेश्वर-पांचगणीच्या डोंगरमाथ्यावर स्ट्रॉबेरीच्या जोडीस रासबेरीचीही लागवड होते. बागाइतदारांच्या परसांत तिचीं चार झुडपें असलीं म्हणजे घरापुरतीं फळें मिळतात. परंतु पानें पिवळीं पडलीं कीं खत घालणें आणि शेंडे मलूल झाले कीं पाणी वाढविणें, ही घाई बरी नव्हे. कारण न ओळखतां केलेल्या उपायानें झुडूप तर जातेंच, पण त्याचे फुटवे लावल्यास रोग सबंध वाफ्यांत पसरतो.

प्रथम रोग कोणता नव्हे तें समजून घ्यावें. रासबेरीचें मूळ अनेक वर्षें जगतें. छडीचें आयुष्य मात्र दोनच वर्षांचें. बहुतेक जातींत पहिल्या वर्षीं छडी वाढते, दुसऱ्या वर्षीं फळते व वाळते. अशी वाळलेली छडी जमिनीसरशी कापून टाकावी. नवी छडीच कोमेजूं लागली, तर मात्र दोष आहे असें समजावें.

कोमेजलेल्या छडीचा शेंडा चिरून पाहावा. आंत पोखरलेलें दिसल्यास तो किडीचा उपद्रव होय. निरोगी भाग लागेपर्यंत छडी कापून जाळावी. कीड नसल्यास बुंध्याजवळील माती हलकेच उकरून मूळ खरवडावें. निरोगी मूळ आंतून पांढुरकें असतें; तें तांबूस-तपकिरी निघाल्यास मूळकुज समजावी. ही बुरशी साचलेल्या पाण्यांत बळावते. म्हणून वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरीं तिचें भय विशेष. अशा झुडपास पाणी वाढविणें म्हणजे त्याचें मरण जवळ आणणेंच होय. तें मुळांसकट काढून जाळावें. नवी लागण दुसऱ्या जागीं, फूटभर उंच वरंब्यावर, पाण्याच्या निचऱ्यास चर काढून करावी. जेथें पूर्वीं वांगीं, मिरची, टोमॅटो किंवा बटाटे होते ती जागा टाळावी. त्या पिकांचा मर रोग मातींतून रासबेरीसही लागतो.

मूळ निरोगी असेल तरच पानांकडे वळावें. खालचीं जुनीं पानें सारखीं फिकट झालीं असतील, तर नत्र कमी आहे. कुजलेलें शेणखत द्यावें. शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं पण शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीं. चुनखडीच्या जमिनींत हें हटकून आढळतें. तेथें राख व चुना घालूं नये. १० लिटर पाण्यांत ५० ग्रॅम हिराकस विरघळवून आधीं एकदोन पानांवर फवारून पाहावें, व पानें न करपल्यास मग सर्व झुडपावर फवारावें.

पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडून तीं आकसलीं, तर मावा किडीनें आणलेला विषाणुरोग असण्याचा फार संभव आहे. बुंध्यावर खडबडीत गांठी येणें हा जखमेंतून शिरणाऱ्या जंतूंचा रोग होय. या दोहोंस औषध नाहीं. झुडूप उपटून जाळावें, कात्री स्वच्छ धुवावी, आणि त्याचा एकही फुटवा स्वतः लावूं नये किंवा शेजाऱ्यास देऊं नये. एका झुडपाचा लोभ सोडल्यानेंच बाकीचीं वांचतात.