दस्तऐवजांचे पत्ते अद्ययावत हवेत

कार्यालयातील नस्ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलविली, पण नोंदवहीतील नोंद तशीच राहिली, तर ती नस्ती असून नसल्यासारखीच होते. संगणक प्रणालींच्या बाबतीतही हाच अनुभव येतो.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स’ प्रणालीच्या गाभ्यासोबत माहितीपर दस्तऐवजांचा मोठा संग्रह असतो. २०१६ मध्ये त्याची नव्याने मांडणी सुरू झाली आणि धारिका विषयवार विभागांत ठेवण्यात येऊ लागल्या. सुधारणा कशा पाठवाव्यात हे सांगणारी धारिकाही ‘प्रोसेस’ या विभागात गेली. परंतु आज्ञावलीतील टिपांत व इतर दस्तऐवजांत अनेक ठिकाणी जुनेच पत्ते राहिले.

संगणक अशा चुकीबद्दल तक्रार करीत नाही. कारण टिपांतील मजकूर तो विचारातच घेत नाही. फसगत होते ती नवख्या वाचकाची. कोणत्या धारिकेची जबाबदारी कोणाकडे, हे ‘मेंटेनर्स’ नावाच्या सूचीत नोंदलेले असते. तेथील पत्ता जुना झाल्यास सुधारणेचा प्रस्ताव योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचेलच, याची खात्री उरत नाही.

यावर उपाय म्हणून या प्रकल्पात एक छोटी तपासणी-आज्ञावली ठेवलेली आहे. नमूद केलेल्या पत्त्यावर दस्तऐवज नसल्यास ती तसे दर्शविते. दुरुस्ती मात्र माणसानेच पडताळून पाहावयाची असते.

धारिका हलविणाऱ्यानेच जुन्या पत्त्याचा सर्वत्र शोध घेऊन त्याच वेळी दुरुस्ती करावी, हा मार्ग सर्वांत सोपा होय. ग्रामपंचायतीच्या दप्तराला आणि शाळेच्या अभिलेखांनाही हाच नियम लागू पडतो.